चाकोरी रुंद झाली, जोखीम कोणाची?

दिघ्यात आता भात पिकत नाही. डोंगराच्या पायथ्याची शेतं गेली, तिथे कारखाने आले, वस्ती आली. १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव स्थानकाचं उद्घाटन झालं आणि रेल्वेही दारात आली. तरी जिल्ह्याच्या शेतीशी दिघ्याचा संबंध तुटलेला नाही. १९९६ साली मुंबईचा भाजीबाजार भायखळ्याहून वाशीला हलला. तेव्हापासून शहापूर, भिवंडीच्या बाजूची भाजी वाशीला जायची म्हटलं की एक वाट ठाणे, कळवा, विटावा करत दिघ्यावरूनच ठाणे-बेलापूर रस्त्याला लागते. रात्री या वाटेने ज्या छोट्या पिकअप गाड्या जातात, त्यांच्यावर शेतकऱ्याची भेंडी असते, काकडी असते, टोमॅटो असतो. एक गाडी कलंडली की चार-पाच घरांचा आठवड्याचा घाम रस्त्यावर सांडतो. म्हणून शेतीच्या पानावर आज मोटारीच्या मागच्या चाकांविषयी लिहावं लागत आहे.

या गाड्यांपैकी काहींची मागची चाकं हौद्याच्या कडेपेक्षा बाहेर आलेली दिसतात. पुढची चाकं आत, मागची बाहेर. कारखान्यातून ती तशी निघालेली नसतात. दुसऱ्या, मोठ्या मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचं मागचं हाउसिंग काढायचं, त्यातले एक्सल, ड्रम, क्राउन-पिनियन सगळं उचलायचं आणि आपल्या गाडीखाली बसवायचं. जोडीला दोन-तीन पाटे जास्तीचे टाकायचे. गॅरेजवाला सांगतो, "शेठ, मागची रुंदी वाढली, आता गाडी पलटी खाणार नाही, बिनधास्त भरा." एका दिवसात काम होतं, नव्या गाडीच्या मानाने पैसे किरकोळ लागतात आणि शेतकऱ्याला वाटतं, स्वस्तात मोठी गाडी मिळाली.

ही समजूत कुठून आली हे आधी पाहिलं पाहिजे, कारण ती नुसती अडाणीपणाची नाही. आपल्याकडे चाकोरी हा शब्द बैलगाडीने दिला. गावातल्या गाड्यांच्या चाकांतलं अंतर साधारण सारखं असायचं, त्यामुळे एकीने पाडलेल्या खोबणीतून दुसरी जायची. चाकोरीबाहेर जाऊ नये असं म्हणतात ते त्यावरूनच. पुढे लाकडी चाकं जाऊन टायरची बैलगाडी आली, आणि तिला जुन्या मोटारीचा एक्सल, बेअरिंगं आणि टायर बसवण्याची रीत गावोगावी पडली. त्यात वाईट काही नव्हतं. बैलांचा भार हलका झाला, गाडी स्थिर झाली. एक्सल कोणत्या गाडीचा, हे कोणी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. बैल तासाला चार किलोमीटर चालतो. पिकअप साठने जाते, म्हणजे पंधरापट वेगाने. वेग पंधरापट झाला की धडकेतला जोर पंधरापट होत नाही, तो पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे सव्वादोनशेपट होतो, आणि तेही वजन तेवढंच धरलं तर. बैलगाडीला जो जुगाड पचला तो पिकअपला पचेल असं धरून चालणं, इथेच पहिली चूक होते.

रुंदी वाढवल्याने गाडी स्थिर होते, हे तत्त्व मात्र खरं आहे. ते नाकारून चालणार नाही. मारुती जिप्सीचंच उदाहरण घ्या. १९८५ साली आलेली ही गाडी अरुंद होती. १९९३ मध्ये कंपनीने तिची रुंद आवृत्ती काढली. चाकांतलं अंतर ९० मिलिमीटरने वाढवून पुढे १३०० आणि मागे १३१० मिलिमीटर केलं, आणि बाहेर आलेली चाकं झाकण्यासाठी मडगार्डही रुंद केले. यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की कंपनीने रुंदी पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखीच वाढवली. एकटं मागचं हाउसिंग उचलून बसवलं नाही.

आता गॅरेजातल्या रुंदीचा हिशेब मांडू. गाडी कलंडण्याचा ढोबळ नियम सोपा आहे. चाकांतलं अंतर घ्यायचं आणि त्याला वजनाच्या मध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. उत्तर जितकं मोठं, तितकी गाडी वळणावर सुरक्षित. समजा, चाकांतलं अंतर १३० सेंटिमीटर आहे आणि भरलेल्या गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे. १३० भागिले १८०, उत्तर येतं ०.७२. आता मागची रुंदी ९ सेंटिमीटरने वाढवली. पुढची तेवढीच राहिली, म्हणून दोन्हींची सरासरी साडेचारने वाढली. उत्तर झालं ०.७५. फायदा झाला, पण थोडकाच. आता त्याच भरवशावर क्रेटचे दोन थर जास्त चढवले आणि वजनाचा मध्य १० सेंटिमीटरने वर गेला, तर १३४.५ भागिले २००, उत्तर ०.६७. म्हणजे काहीच न बदलता कायद्याने भरलेली गाडी जेवढी स्थिर होती, तेवढीसुद्धा ही राहिली नाही. हौद्याच्या डोलण्याचा, टायर दबण्याचा हिशेब यात धरलेलाच नाही. तो धरला तर आकडे आणखी खाली येतात.

आणि डोलणं तर कमी होतच नाही. याचं कारण चाकांत नाही, पाट्यांत आहे. गाडीचा हौदा चाकांवर टेकलेला नसतो, तो पाट्यांवर टेकलेला असतो. दोन बाजूंच्या पाट्यांमधलं अंतर चासीने ठरवलेलं असतं. हाउसिंग बदललं तरी ते तेवढंच राहतं. खाटेचे पाय बाहेर सरकवले पण वरची माचोळी तेवढीच ठेवली, तर खाट उलटणार नाही कदाचित, पण वर झोपणारा माणूस डुगडुगायचा तो डुगडुगणारच. वळणावर हौदा पूर्वीइतकाच एका अंगावर जातो, क्रेट एका बाजूला सरकतात आणि मग रुंदी काही कामाची राहत नाही.

पुढचा भाग वेल्डिंगचा. दुसऱ्या मॉडेलच्या हाउसिंगवर पाटे बसायच्या बैठका वेगळ्या अंतरावर असतात. आपल्या चासीशी त्या जुळत नाहीत. मग गॅसने जुन्या बैठका कापतात आणि नव्या जागी वेल्डिंग करतात. एवढ्या तापाने हाउसिंगची नळी थोडी तरी वाकते. डोळ्याला दिसत नाही, पण बेअरिंगला कळतं. काही महिन्यांत ऑइल सील गळायला लागतं, ते तेल ब्रेकच्या लायनरवर उतरतं आणि एका चाकाचा ब्रेक धरत नाही. ड्रायव्हर म्हणतो, गाडी एका बाजूला ओढते. मेकॅनिक म्हणतो, लायनर बदला. मूळ दुखणं कुठे आहे हे कोणी सांगत नाही.

ब्रेकचं आणखी एक प्रकरण आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. काही पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक झडप असते. हौदा किती खाली दबला आहे हे पाहून ती मागच्या चाकांना ब्रेकचा जोर कमी-जास्त देते. गाडी रिकामी असेल तर जोर कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. भरलेली असेल तर जोर पूर्ण. आता आपण पाटे वाढवले. गाडीत दीड टन माल आहे, पण पाटे कडक म्हणून हौदा दबतच नाही. झडपेला वाटतं गाडी रिकामी आहे आणि ती मागचा ब्रेक अर्धवट सोडते. म्हणजे जास्तीत जास्त ब्रेक हवा तेव्हा तो कमीत कमी मिळतो. कसाऱ्याच्या नाहीतर माळशेजच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

क्राउन-पिनियन दुसऱ्या मॉडेलचं आलं की दात वेगळे येतात. मग एक तर गाडी चढाला ओढत नाही, किंवा सपाटीला इंजिन उगाच ओरडतं आणि डिझेल पितं. ज्या गाड्यांत मीटरचं माप गिअरबॉक्सवरून घेतलेलं असतं, त्यांचा मीटर खोटा वेग दाखवायला लागतो. हँडब्रेकची केबल लांबीला जमत नाही म्हणून कित्येकदा ती बांधून ठेवतात. पुढची-मागची चाकं एका चाकोरीत नसल्याने पावसाळ्यात शेतातल्या वाटेवर प्रत्येक चाक स्वतःची नवी खोबण पाडतं. जिथे पूर्वी गाडी निघायची, तिथे ट्रॅक्टर आणून ओढावी लागते.

आता जिथे रुंदी वाढवणं योग्यच आहे, त्या ट्रॅक्टरकडे येऊ. गंमत अशी, की जिथे कंपनीने रुंदी कमी-जास्त करायची सोय दिली आहे तिथे आपण ती वापरत नाही, आणि जिथे दिली नाही तिथे वेल्डिंग करून वाढवतो. बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकाची तबकडी आणि रिम वेगवेगळ्या असतात. तबकडी उलटी बसवून, रिमचे कान आत-बाहेर घेऊन चाकांतलं अंतर टप्प्याटप्प्याने बदलता येतं. पुढच्या एक्सलला भोकं असतात, बोल्ट काढून तो सरकवायचा आणि त्याच मापाने टाय रॉडही सरकवायचा. म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे, आणि बनवणाऱ्याने ठेवलेल्या भोकांतूनच.

याचा उपयोग शेतात रोजचा आहे. भाजीच्या दोन ओळींत ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर चाकांच्या मध्यांतलं अंतर १२० सेंटिमीटर हवं. ७५ सेंटिमीटरची सरी असेल तर १५०. एवढं जुळवलं की चाक पिकावर चढत नाही आणि कोळपणी ट्रॅक्टरने होते. उताराच्या जमिनीवर, बांधाकडेला काम करताना चाकं रुंद ठेवली तर ट्रॅक्टर कलंडायची भीती कमी होते. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, चाकं उलटी करताना टायरच्या नक्षीची दिशा बदलू नये, म्हणून डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यावं लागतं. दुसरं, पुढची चाकं सरकवल्यावर त्यांची तोंडं नीट जुळवून घ्यायची, नाहीतर टायर लवकर झिजतात. काम अर्ध्या दिवसाचं आहे, माहितीपुस्तकात चित्रासह दिलेलं असतं. पण ते पुस्तक ट्रॅक्टर घरी आला त्या दिवशीच पेटीत जातं आणि पुन्हा बाहेर येत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो पुरेसा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, गाडीचा तपशील बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. प्रत्येक बदलामागे हे शब्द नीट वाचा. आणि जादा माल भरला तर कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये, शिवाय जास्तीच्या दर टनाला २,००० रुपये, आणि वरचा माल उतरवून ठेवण्याचा खर्चही आपलाच. टोमॅटोची गाडी रस्त्यात उतरवायची म्हणजे काय, हे ज्याचा माल आहे त्यालाच ठाऊक.

हा नियम केवळ अडवणुकीसाठी केलेला नाही. गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी त्याची तपासणी होते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ब्रेक, भार, सुकाणू सगळं तपासून मंजुरी देतात. ट्रॅक्टरची परीक्षा मध्य प्रदेशात बुदनीला होते. ती मंजुरी त्या मॉडेलच्या त्या एक्सलला, त्या पाट्यांना, त्या ब्रेकला मिळून दिलेली असते. आपण त्यातला अर्धा भाग भंगारातून आणून बदलला, की उरलेल्या गाडीचा त्या मंजुरीशी संबंध राहत नाही. गाडीचा नंबर तोच असतो, पण गाडी ती नसते.

मग विमा. अपघात झाला आणि तपासनिसाने गाडीखाली वाकून पाहिलं, तर न कळवलेला बदल हे दावा नाकारायला आयतं कारण होतं. तिसऱ्या माणसाचं नुकसान असेल, तर विमा कंपनी त्याला पैसे देऊन ते गाडीमालकाकडून वसूल करण्यासाठी न्यायालयात जाऊ शकते. मालक म्हणजे कोण? पुष्कळदा ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्याच नावावर गाडी. गॅरेजवाल्याचं नाव कुठेच नसतं. त्याने बिलही दिलेलं नसतं. बिनधास्त भरा म्हणणारा माणूस त्या दिवशी कुठे सापडत नाही. काम त्याने केलं, फायदा चार ठिकाणी वाटला गेला, आणि जोखीम तेवढी एकट्या शेतकऱ्याच्या आणि त्याच्या ड्रायव्हरच्या वाट्याला आली.

म्हणून नुसतं शेतकऱ्याला दोष देऊन हा विषय संपत नाही. तो जादा माल का भरतो? एका खेपेचं डिझेल, टोल, हमाली, ड्रायव्हरची रात्र हे सगळं ठरलेलं आहे. भाव मात्र ठरलेला नाही. भेंडीचा भाव पडला की त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, त्याच खेपेत चार क्रेट जास्त. गाडीचा हप्ता थांबत नाही. पहाटेचा बाजार गाठायचा, तर दुसरी खेप होत नाही. अशा वेळी दहा-पंधरा हजारांत गाडी रुंद करून देणारा माणूस त्याला देवासारखा वाटतो, यात नवल नाही. त्याला दुसरी वाट दाखवली पाहिजे.

शेतकऱ्याने स्वतः करण्यासारख्या गोष्टी आधी सांगतो. पाटे थकले असतील तर त्याच मॉडेलचे, त्याच नंबरचे पाटे घ्या. बुश, शॅकल, यू बोल्ट नवे टाका. निम्म्या गाड्यांची डगमग एवढ्यानेच जाते. टायरची हवा भरलेल्या मालाप्रमाणे ठेवा. जड क्रेट खाली आणि पुढच्या अंगाला, हलका पाला वर, आणि सगळं दोराने नीट आवळलेलं. चाकं बाहेर आणण्यासाठी मध्ये जाड चकत्या घालण्याचा उद्योग करू नका, त्याने बेअरिंगवर आणि नटबोल्टवर भलताच ताण येतो. माल कायमच जास्त होत असेल, तर दोघांनी मिळून जास्त क्षमतेची जुनी गाडी कागदपत्रांसह घ्या. ती रुंद केलेल्या छोट्या गाडीपेक्षा शेवटी स्वस्त पडते. आणि जुनी पिकअप विकत घेताना आधी वाकून खाली पाहा. हाउसिंगवर वेल्डिंगची ताजी रेघ दिसली, मागची चाकं पुढच्यांपेक्षा बोटभर नव्हे तर चांगली वीतभर बाहेर दिसली, तर तो सौदा सोडून द्या.

आता सरकारी बाजू. मोटार वाहन निरीक्षक तालुक्याच्या ठिकाणी शिबिरं घेतात. तिथे शेतकरी परवान्यासाठी आणि पासिंगसाठी जातो, सल्ल्यासाठी कधीच जात नाही, कारण तशी जागाच नाही. प्रत्येक शिबिरात एक तास फक्त बदलाविषयीच्या शंकांना द्यावा. कोणता बदल परवानगीने होतो, कोणता होतच नाही, हे मराठीत एका कागदावर छापून गॅरेजागॅरेजात लावावं. पासिंगच्या वेळी दिवे आणि रंग पाहतात तसं गाडीखालीही पाहावं. आणि दंड करायचा तर वर्षानुवर्षं हाउसिंगं कापून बसवणाऱ्या दुकानांकडेही नजर वळवावी. आजवर पावती फक्त रस्त्यावर फाटते, गॅरेजात फाटत नाही.

वजनाचंही तेच. शेतकऱ्याला आपल्या गाडीत किती माल बसला हे कळतं ते पोलिसांच्या काट्यावर, नाहीतर कळतच नाही. माल जिथून निघतो त्या संकलन केंद्रांवर, उपबाजारांत साधा वजनकाटा असला, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. माणूस मोजून भरेल. बाजारसमित्या शेतकऱ्याच्या मालावर चालतात, तेव्हा एवढा खर्च त्यांना जड जाऊ नये.

कृषी खात्यालाही यातून सुटका नाही. आम्ही बियाण्याची, औषधाची प्रात्यक्षिकं घेतो, ट्रॅक्टरच्या अनुदानाचे अर्ज भरून घेतो. पण आलेल्या ट्रॅक्टरची चाकं पिकाच्या ओळीला कशी जुळवायची, याचं प्रात्यक्षिक किती गावांत झालं? खरिपाच्या आधी प्रत्येक मंडळात एक दिवस यासाठी काढता येईल. आयटीआयची पोरं आणि त्यांचे निदेशक मदतीला बोलावता येतील. त्यातून दोन कामं साधतील. शेतात कोळपणी सोपी होईल, आणि रुंदी वाढवणं म्हणजे काय, ती कशी आणि कुठे वाढवायची असते, हे लोकांच्या हाताला कळेल. ज्याने ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांचं माप स्वतः टेपने जुळवलं, त्याला पिकअपचं एकटं मागचं हाउसिंग बदलून देणारा माणूस सहज फसवू शकणार नाही.

पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं, रस्त्याला खड्डे पडतात, आणि नेमकी त्याच महिन्यांत भाजीची गाडी पहाटेच्या अंधारात घाईने पळत असते. त्या गाडीखाली काय बसवलं आहे, याची चौकशी अपघातानंतर पंचनाम्यात होण्यापेक्षा पावसाळ्याआधी शिबिरात झालेली बरी. परिवहन खातं, बाजारसमिती आणि कृषी खातं या तिघांनी मिळून एक तारीख ठरवावी. शेतकरी बंधू आपापल्या गाड्या घेऊन येतील, याची खात्री बाळगायला हरकत नाही. गाडी पलटी व्हावी असं त्यांच्यातल्या कोणालाच वाटत नाही.